मोकळा माळ, मोकळी वाट

सोलापूर रस्त्यानं पुणे सोडलं की दोन्ही अंगांना जे माळ लागतात, तिथं काहीही नसतं. याबाबत महसूल खातं, खाणवाले आणि पर्यावरण सल्लागार या तिघांचं एकमत आहे. आणि आजच्या महाराष्ट्रात तिघांचं एकमत ही माळढोकापेक्षा दुर्मीळ गोष्ट. सातबाऱ्यावर माळ पोटखराबा, सरकारी नकाशात पडीक. मग तिथं खडीची खाण येणार म्हटल्यावर हरकत घ्यायची कुणी, आणि कुणाच्या वतीनं?

असला प्रस्ताव एकदा वाचावाच. खाणीचं क्षेत्र पुष्कळदा पाच हेक्टरांच्या किंचित आत भरतं. निसर्गाची करणी असावी. दगड तेवढ्यातच पिकतो. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं असल्या तुकड्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली खरी, पण पाच हेक्टरांच्या आतल्या एकट्या खाणीला जनसुनावणी लागत नाही. पाचशे मीटरांच्या आत दुसरी खाण असेल तर दोन्हींची बेरीज धरतात, म्हणून दुसरी खाण शेजारधर्म पाळून जरा लांब बसते. लांडग्याला हे गणित जमत नाही. त्याचा एकेक कळप शे-दोनशे चौरस किलोमीटर मुलूख फिरतो, तोही मोजणी न करता, चलन न भरता. असल्या बेशिस्त प्राण्याची नोंद कोण घेणार?

म्हणून ‘परिसरातील प्राणी’ या रकान्यात कावळा, चिमणी, कुत्रा, मांजर अशी घरगुती मंडळी सापडतात. निदान देशी तरी आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात मागं स्प्रूस आणि बर्चची जंगलं उगवली होती. मजकूर रशियातल्या खाणीच्या अहवालातून उचललेला निघाला. हापूसच्या मुलखात बर्च! त्या मानानं माळावरचं मांजर म्हणजे काटेकोर संशोधनच.

यादीत लांडगा नाही आणि कुत्रा आहे, याचा पक्षी-प्राणीवाल्यांना राग येतो. त्यांनी धीर धरावा. माळाचे तुकडे झाले, लांडगा पोल्ट्रीच्या उकिरड्यावर यायला लागला, तिथं भटकी कुत्री भेटली, आणि पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्धही झाला. सल्लागार चुकला नव्हता, काळाच्या पुढं होता. एरवी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा वाघाच्याच पंगतीला बसतो. पण वाढपी वाघापर्यंत येतो आणि तिथूनच मागं फिरतो.

खरी पंचाईत माळटिटवीची. उन्हाळ्यात ही बाई उघड्या माळावर चार खडे सारून खळगा करते आणि अंडी घालते. अंडी मातकट, वर काळे-तपकिरी डाग. हातभर अंतरावरून बघितलं तरी खडेच वाटतात. कोल्ह्या-खोकडाला चकवायची ही युक्ती हजारो वर्षं चालली. पोकलेनपुढं चालत नाही, कारण पोकलेनला खडेच हवे असतात. ऊन फार झालं की टिटवी जवळच्या डबक्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. खाणीच्या आराखड्यात लिहिलेलं असतं, ‘धूळ बसवण्यासाठी दिवसातून दोनदा पाण्याची फवारणी’. बऱ्याच खाणींवर उन्हाळ्यात नेमानं पाणी आणणारी ती एकटीच असावी.

माळढोकाचं काय? 1979 साली त्याच्यासाठी सोलापूर-नगर भागात 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. लोक वैतागले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पुढं ते 1,222 वर आणलं. आता सोलापुरात एखादा माळढोक दिसला तर त्याचा फोटो छापून येतो. रस्ता, घर, धरण, खडीवाचून काही उभं राहत नाही, हे या सदराला मान्य आहे. खडी काढायची जागा मात्र दर वेळी तीच का निघते, जिथं ऊस होत नाही आणि जिथल्या मेंढपाळाला कुणी विचारत नाही, एवढंच कळत नाही.

भरपाईची सोय आहेच. खाणीभोवती हरितपट्टा. माळावर झाडं लावायची, म्हणजे गवतातल्या चिंकारा-चंडोलांना सावली. ती त्यांनी कधी मागितली नव्हती. उघड्या गवताशिवाय त्यांचं भागत नाही. पण फायलीत फोटो हिरवा येतो आणि तपासायला आलेल्या साहेबांना गाडी लावायला जागा होते.

मग सुरुंग लागतात, हायवा धावतात, टेकडीचा खड्डा होतो. आराखड्यात त्याचं नाव ‘जलसाठा’. आणि थोड्याच अंतरावर पुढच्या गटाचा नवा प्रस्ताव दाखल होतो, 4.90 हेक्टरांचा. त्यात एक वाक्य अगदी खरं असतं: परिसरात पूर्वीपासून खाणकाम चालू असल्यानं वन्यजीवांचा वावर आढळत नाही.