न्यूट्रल पडत नाही

आमच्या सोसायटीत कुणाची मोटरसायकल गिअरला अडायला लागली की लोक आधी माझ्याकडे येतात, असा माझा समज आहे. प्रत्यक्षात ते पार्किंगमधून निघालेले असतात आणि मी त्यांना थांबवतो. "गिअर जरा कडक झालाय," एवढं ते सहज बोलून जातात. मग माझी उलटतपासणी सुरू होते. कडक म्हणजे गाडी थंड असताना की गरम झाल्यावर? इंजिन चालू असताना की बंद? वरचा टाकताना की खालचा? एकच गिअर की सगळे? समोरचा माणूस दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतो. "बघतो, गॅरेजला दाखवतो," म्हणतो. मला त्यात कृतज्ञता दिसते.

पण प्रश्न फालतू नाहीत हो! चालू इंजिनवर न्यूट्रल सापडत नाही, पण इंजिन बंद केल्यावर गुमान सापडतो, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. क्लच दाबूनही पहिल्या गिअरमध्ये गाडी सिग्नलला पुढे सरकते, तेही त्याचंच लक्षण. इंजिन ओरडतंय आणि गाडी पळत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. अशा वेळी कुणी हौसेनं कारचं ऑईल ओतलंय का तेही विचारावं, कारण मोटरसायकलच्या क्लचप्लेटी इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेल्या असतात. पाय दाबला, लिव्हर खाली गेली ती खालीच राहिली, तर आतली स्प्रिंग. लिव्हर हलते पण गिअर हलत नाही, तर लिव्हरचे दाते झिजलेत किंवा तिचा बोल्ट ढिला आहे. आणि जोर लावताच एखादाच गिअर उडून बाहेर येत असेल, तर मी आवाज खाली आणतो, चष्मा काढतो आणि सांगतो, "इंजिन खोलावं लागेल." हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून मी जगतो.

तर माझ्या स्वतःच्या गाडीचा न्यूट्रल पडेना. कर्वे रस्त्यावर दर सिग्नलला पाय वर-खाली. पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. न्यूट्रलचा हिरवा दिवा मात्र तेवढा पेटत नाही. मी आतून खूश होतो. घरातच रोगी मिळाला होता. मी सर्व्हिस सेंटरला गेलो आणि काउंटरवरच्या मुलाला लक्षणं क्रमवार सांगितली: गरम झाल्यावर, चालू इंजिनवर, विशेषतः दुसऱ्यातून पहिल्याकडे येताना. मुलानं मान डोलावली आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'गिअर हार्ड'. संध्याकाळी फोन आला की क्लचप्लेटींचा पूर्ण सेट बदलावा लागेल. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "सर, किलोमीटर जास्त झालेत."

याचा मात्र मला खरा राग येतो. गाडी कुणी चालवून पाहिली नव्हती, लिव्हर कुणी दाबली नव्हती, नुसता मीटरवरचा आकडा वाचला होता. त्या मुलाचाही दोष नाही. त्याच्यामागे रांग होती आणि त्याच्या कार्डावर 'केव्हा होतं' या प्रश्नाला रकानाच नव्हता. दुखणं नीट सांगणाऱ्या माणसाला 'सर' म्हणून गप्प करायची ही जी नवी रीत आहे, ती गॅरेजपुरती राहिलेली नाही.

आमच्या काकांना असं कुणी गप्प करू शकलं नसतं. त्यांच्याकडे जुनी बुलेट. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे तीन खाली. शिवाय टाचेजवळ एक छोटी दांडी. क्लच दाबून तिच्यावर टाच ठेवली की चौथ्यातूनसुद्धा गाडी थेट न्यूट्रलमध्ये. सिग्नलला काका ती दांडी अशी दाबत, जणू हुजऱ्याला हाक मारतायत. पुढे बुलेटचाही गिअर डावीकडे गेला आणि ती दांडी संपली. माझ्या मते मोटरसायकलच्या इतिहासातला हा काळा दिवस, पण सोडा.

बुलेट विकून काकांनी स्प्लेंडर घेतली. तिचे चारही गिअर डाव्या पायानं, पंजा खाली दाबत टाकायचे. काका दुसरा गिअर टाकायला उजवा पाय दाबत, तेव्हा ब्रेक लागे. कुत्रं आडवं आलं म्हणून डावा पाय दाबत, तेव्हा ब्रेकऐवजी वरचा गिअर पडे. कुत्री हुशार, ती काकांना ओळखायला शिकली. काकांच्या पायांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी त्यांना कारमधून साताऱ्याहून आणत होतो. खंबाटकीच्या उतारावर त्यांचा उजवा पंजा चपलेतल्या चपलेत वर उचलला गेला. तिसऱ्यातून दुसरा. वळणावर पुन्हा एकदा. माझी कार ऑटोमॅटिक आहे. त्या घाटात गिअर टाकणारे गाडीत एकटे काकाच होते. मी काही बोललो नाही, फक्त वेग कमी केला.

असो. न्यूट्रल.

गाडी तशीच परत आणून कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मला बोलू दिलं, शेवटपर्यंत. बोलत असताना त्यांचं बोट क्लचच्या लिव्हरशी खेळत होतं. "बरोबर आहे साहेब, क्लच सुटत नाहीये," म्हणाले. माझी छाती फुलली. मग त्यांनी दोन पाने घेतले, वायरचा नट जरासा फिरवला, लिव्हर दाबून पाहिली आणि शेजारच्या स्कूटरकडे वळले. वायर ताणून ढिली झाली होती, बस्स. पैसे विचारले तर हात हलवून 'जा' म्हणाले.

इतकं अचूक निदान आणि इतका क्षुल्लक आजार! "आतलं काही बघायचं नाही का?" मी जरा आशेनं विचारलं. "कशाला?" ते म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या पोराचं मात्र इंजिन खोललेलं होतं. आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकलेला, सगळे त्याच्याभोवती जमलेले. मला त्याचा हेवा वाटला.

तुमचाही न्यूट्रल पडत नसेल तर आधी क्लचच्या लिव्हरचं टोक बोटानं हलवून बघा. साधारण 10 ते 20 मिलिमीटर सैल हवं. त्याहून जास्त सैल असेल तर वायर आवळून घ्या, फुकटात काम होईल. आणि एखादा गिअर उडत असेल, तर कृपा करून आधी मला सांगा.