अनुभवी खेळाडू घेताना : नवशिक्या कॅप्टनसाठी सुलभ मार्गदर्शिका

यंदा पहिल्यांदाच गावच्या टीमची कॅप्टनकी ज्यांच्या गळ्यात पडली आहे, अशा विंचूर-लासलगाव पंचक्रोशीतल्या तरुणांसाठी हे टिपण आहे. तुमच्या टीममध्ये एकोणीस वर्षांचं एक पोर आहे. लागला तर त्याचा फटका थेट कांद्याच्या चाळीवर जातो, पण लागेपर्यंत ते टिकत नाही. मग तीनपाटीवर चहा पिता पिता कुणीतरी म्हणतं, "याच्या शेजारी एखादा जुना जाणता माणूस पाहिजे." सगळे माना डोलावतात, चहाचे पैसे तुम्ही देता, आणि दुसऱ्या दिवसापासून तालुक्यातले यच्चयावत निवृत्त खेळाडू तुम्हाला फोन करू लागतात.

घाबरू नका. खालील पायऱ्या क्रमाने चढा.

पायरी पहिली : माल खाली करून बघा

आपल्या उपबाजारात लिलावाला उभ्या ट्रॉलीतला वरचा कांदा कसा टकाटक दिसतो. व्यापारी दोन-चार उचलतो, चोळतो, बोली लागते. पुढे खळ्यावर ट्रॉली रिकामी होते, तळातून गोल्टी आणि जोडकांदा निघतो, आणि वांधा पडतो. अनुभवी खेळाडूचा वरचा थर म्हणजे त्याच्या गोष्टी. निफाडला मारलेला सिक्स, येवल्याच्या फायनलला शेवटच्या चेंडूवर घेतलेला कॅच. या गोष्टींवर बोली लावू नका. एका संध्याकाळी बोलावून त्याला सहा ओव्हर फील्डिंगला उभं करा. चौथ्या ओव्हरला तो कमरेवर हात ठेवून दुसऱ्यांच्या फील्डिंगवर बोलू लागला, की तळ दिसला म्हणून समजा.

पायरी दुसरी : कशासाठी घेताय ते कागदावर लिहा

"पोराला शिकवण्यासाठी" एवढंच लिहिलं गेलं, तर कागद फाडा आणि चहाला जा. नुसतं शिकवायला आलेला माणूस टीममध्ये शिकवत नाही, बोलतो. पोर विचारतं, "अण्णा, स्लोअर वन कसा टाकायचा?" अण्णा सांगतात, "तो टाकायचा नसतो, तो पडतो." पोर वहीत लिहून घेतं. पुढच्या मॅचला तीन वाइड.

आता उलटं उदाहरण. विदर्भाने २०१५-१६ च्या हंगामात मुंबईकर वसीम जाफरला आपल्याकडे घेतलं. त्याने मुंबईकडून वर्षानुवर्षं सलामी केलेली. विदर्भाकडे मात्र सलामीला कॅप्टन फैज फझल आणि संजय रामास्वामी, म्हणून २०१७-१८ मध्ये जाफर तिसऱ्या नंबरवर उतरला. आदल्या हंगामात तो दुखापतीमुळे घरी बसला असतानाही असोसिएशनने पैसे दिले होते, म्हणून हा हंगाम तो बिनपैशाने खेळला. (तुमच्याकडे येणारा अण्णा असं काही म्हणाला तर त्याला आधी खुर्ची द्या, पाणी द्या, पुन्हा विचारून खात्री करा.) इंदूरला दिल्लीविरुद्धच्या फायनलमध्ये नवख्या रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, तेवीस वर्षांच्या अक्षय वाडकरने शतक ठोकलं, जाफरने त्याच डावात ७८ काढले आणि विजयी चौकारही त्याच्याच बॅटीतून गेला. विदर्भाची ही पहिली रणजी. नंतर इराणी करंडकात चाळिसाव्या वर्षी २८६ आणि २०१८-१९ च्या रणजीत १०३७ धावा. विदर्भाने करंडक राखला.

कोच चंद्रकांत पंडित कडक शिस्तीचे, तेव्हा सगळं श्रेय जाफरच्या खात्यावर टाकू नये. पण पोरांना काय मिळालं ते बघा. चाळिशीचा माणूस सकाळी नेटमध्ये येतो, ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडतो, पुन्हा सोडतो, दुपारनंतर धावा काढतो, हे त्यांनी बावीस यार्डांवरून पाहिलं. शिकवणीची फी वेगळी पडली नाही. विदर्भाने फलंदाज घेतला, मास्तर वरकड आला.

पायरी तिसरी : धावचीत करून बघा

ही पायरी पुस्तकात सहसा सापडत नाही, आणि माझ्या मते हीच खरी परीक्षा. २०२५ ची रणजी फायनल, नागपूर, समोर केरळ. विदर्भ ३ बाद २४. खेळपट्टीवर एका बाजूला कर्नाटक सोडून आलेला, कसोटीत त्रिशतक केलेला तेहतीस वर्षांचा करुण नायर, दुसऱ्या बाजूला पहिलाच रणजी हंगाम खेळणारा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार. दोघांनी २१५ धावा जोडल्या. करुण ८६ वर असताना चेंडू यष्टिरक्षकाला चुकवून स्लिपच्या दिशेने गेला. करुण धावला, दानिशने परत पाठवलं, थेट फेक यष्ट्यांवर बसली. शतक गेलं, तेही पोराच्या "नाही" मुळे. करुण चरफडत बाहेर गेला.

आपल्याकडे अशा प्रसंगानंतर दोन महिने बोलणं बंद, लग्नाची पत्रिका पोस्टाने. नागपुरात काय झालं? दानिशने १५३ केले. दुसऱ्या डावात विदर्भ २ बाद ७, आणि हेच दोघं पुन्हा उभे राहिले. पुन्हा शतकी भागीदारी. दानिश ७३, करुण १३५. पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक विदर्भाचा, सामनावीर दानिश. करुण त्या रात्री त्याला काय बोलला असेल ते असो. दुसऱ्या डावात दोघं पुन्हा एकत्र धावा काढत राहिले, माझ्या लेखी शिकवणी ती.

तेव्हा सरावाच्या मॅचमध्ये पोराला आधीच सांगून ठेवा : अण्णा पंचेचाळीस धावांवर असताना एकदा परत पाठव. अण्णा आउट होऊन पॅड सोडताना काय करतात ते दुरून बघा. बॅट आपटली तर हरकत नाही, माणूस आहे. पण पुढच्या ओव्हरला पोराला पाणी नेऊन दिलं, तर करार लगेच करा.

पायरी चौथी : पैसे आणि खुर्ची

आयपीएलमध्ये चेन्नईने २०२४ च्या मार्चमध्ये पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या हाती कॅप्टनकी दिली. धोनी टीममध्येच राहिला, यष्टींमागे. २०२५ साठी ऋतुराजला १८ कोटी आणि धोनीला ४ कोटी, कारण पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्याला 'अनकॅप्ड' धरण्याचा नियम होता. दोन विश्वचषक जिंकून दिलेला माणूस कागदोपत्री नवखा! कारभार असा हवा : पोराला जास्त, अण्णांना कमी, आणि अण्णांची तक्रार नाही.

तरीही २०२४ ला चेन्नई पाचवी आली. २०२५ ला ऋतुराजच्या कोपराला दुखापत झाली, त्रेचाळीस वर्षांच्या धोनीकडे कॅप्टनकी परतली आणि टीम तळाला गेली. त्याच पडझडीत विरारच्या १७ वर्षांच्या आयुष म्हात्रेने बंगळूरुविरुद्ध ९४ ठोकले. त्या ९४ मध्ये धोनीच्या किती, हे कुणी सांगू लागलं तर त्याला तुमच्या टीमचा हिशेबनीस करू नका.

पायरी पाचवी : काका टाळा

अण्णा आणि काका यांतला फरक नवशिक्यांना कळत नाही. अण्णांना पोर मोठं झालेलं हवं असतं, काकांना पोराची जागा हवी असते. ज्यांच्या आडनावातच आपलं गाव आहे, त्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी दोन्ही प्रकार जवळून पाहिले.

पानिपतावर मोहिमेचे नावापुरते सेनापती विश्वासराव अठरा वर्षांचे, खरे सूत्रधार सदाशिवराव भाऊ तिशीचे. सोबत मल्हारराव होळकर, वय सदुसष्ट. बायकापोरं आणि बुणगे मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, असं मल्हाररावांनी सांगितल्याचं बखरी लिहितात. भाऊंनी ऐकलं नाही. त्यांचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर, आणि त्या तोफांसाठी सैन्याचा गोल टिकायला हवा होता. तो गोल मोडून पुढे घुसल्याचा ठपका दमाजी गायकवाडांबरोबर आपल्या विंचूरकरांवरही येतो. अनुभवी माणूस घेतला आणि त्याच्या पद्धतीने खेळायचंच नसेल, तर त्याला नुसता तंबूत बसवण्याचा खर्च कशाला?

पुढचं आणखी बोधप्रद. १७६१ मध्ये सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले आणि कारभार शिकवायला काका राघोबादादा. काकांनी दीड वर्षाच्या आत पुतण्यावरच फौज आणली. १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगावला माधवरावांनी पुढचा नाश टाळायला स्वतःला काकांच्या हवाली केलं. विंचूरकर तेव्हा काकांच्या बाजूला होते, हे त्यांच्या वाड्याजवळ जरा हळू बोलावं. मग ऑगस्ट १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाच्या फौजेने काकांनाच घेरलं, तेव्हा सोडवायला पुतण्याच धावला. तिथून पुढे शिकवणी बंद आणि राज्य सुरू.

परदेशी उदाहरण हवं असल्यास

अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. त्यात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. यावर अमेरिकेतल्या भाच्याशी वाद घालू नये. क्वार्टरबॅक म्हणजे कुठला डाव खेळायचा ते सांगून चेंडू फेकणारा. तिथेही हीच पंचाईत : नव्याला लगेच उतरवावं की जुन्याच्या मागे बसवावं? कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये पॅट्रिक माहोम्स हा नवखा ॲलेक्स स्मिथच्या मागे वर्षभर बसवला आणि लीगमधल्या शेवटच्या सामन्यात तेवढा उतरवला. स्मिथ त्या वर्षी आयुष्यातला सर्वोत्तम खेळ करत होता. हंगाम संपल्यावर त्याची बदली वॉशिंग्टनला झाली, आणि २०२० च्या फेब्रुवारीत माहोम्सने सुपर बोल जिंकला. भाच्याला विचारा, स्मिथ नुसता बाकावर बसून सल्ले देत असता तर पोराने काय पाहिलं असतं?

काही नेहमीचे प्रश्न

अण्णा गावातलेच हवेत की बाहेरचे? बाहेरचे. गावातल्या अण्णांना भाऊबंद असतात, आणि भाऊबंदांचीही पोरं असतात.

अण्णा टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असावेत का? नाही.

पोरालाच अण्णा नको असतील तर? मग कुणीही घेऊ नका. पोराला चार मॅच हरू द्या, पाचव्या वेळी ते स्वतःच एखाद्याच्या मागे मागे फिरू लागेल.

एवढं सगळं करून माझं मत विचाराल तर : घ्या. एकच घ्या, एकाच हंगामासाठी घ्या, चाळिशीच्या आतबाहेरचा पण अजून धावा काढणारा घ्या, आणि त्याला पाचव्या नंबरवर खेळवा. कॅप्टनकी देऊ नका, मागितली तरी. करार तोंडी चालेल, पण मानधनाचा आकडा पोरासमोर ठरवा.