पुस्तक वाचलेले मामा

चेन्नईत एखाद्या मोठ्या सिनेमाचा पहिला खेळ पहाटे लागायचा तेव्हा थिएटरात दोन प्रकारची माणसं दिसायची. एक, रात्रभर न झोपलेली. दुसरी, अंघोळ करून आलेली. पहिल्या प्रकाराबद्दल पुष्कळ लिहून झालंय: कटआउटला दुधाचा अभिषेक करणारी, नटाचा नुसता जोडा दिसला तरी शिट्ट्या मारणारी पोरं. दुसरा प्रकार मात्र एखाद्या कादंबरीवर सिनेमा निघाला तरच दर्शन देतो. पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळावर विभूती, सदऱ्याच्या खिशाला पेन. सिनेमाला पेन कशाला, हे दिवे मालवल्यावर कळतं. हे पुस्तक वाचलेले मामा.

३० सप्टेंबर २०२२ ला मणिरत्नमच्या ‘पोन्नियिन सेल्वन’चा पहिला भाग लागला, तेव्हा पहाटे साडेचारचे खेळ होते. मला ज्या मामांनी नेलं ते आमच्याच इमारतीतले, बँकेतून निवृत्त झालेले. मामा एरवीही चारला उठतात. सिनेमावाल्यांनी आयुष्यात प्रथमच शहाण्या माणसाला सोयीची वेळ निवडली, असं त्यांचं मत पडलं.

मामांची बाजू आधी समजून घ्यायला हवी. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही कादंबरी १९५० ते १९५४ या काळात ‘कल्की’ साप्ताहिकात क्रमशः आली. पाच भाग, दोन हजारांहून अधिक पानं. साप्ताहिकानं ती पुढेही पुन्हा पुन्हा छापली. घरोघरी दर आठवड्याची पानं कापून, शिवून त्यांचे खंड बांधले गेले. मामांच्या आईनं बांधलेला संच अजून त्यांच्या कपाटात आहे. नायक वंदियत्तेवन घोड्यावरून येतो त्या पानाच्या पाठीवर केसांच्या तेलाची जाहिरात आहे, आणि मामांना दोन्ही तोंडपाठ आहेत. एम.जी.आर. यांनी १९५८ साली यावर सिनेमा काढायचं ठरवलं, तो निघाला नाही. मणिरत्नमचेही आधीचे बेत बारगळले. वाट बघून बघून मामांनी शेवटी आपला स्वतःचा सिनेमा डोक्यात काढला. मणियम यांची चित्रं साप्ताहिकात होतीच, त्यावरून नाकडोळे ठरले. आवाज मामांनी आपल्या पसंतीने घातले. (नंदिनीचा आवाज कॉलेजातल्या कुणाचा तरी असावा, असा माझा संशय आहे. मामींसमोर विचारलेलं नाही.) हा सिनेमा गेली पन्नासएक वर्षं हाउसफुल चालू आहे. तेव्हा मणिरत्नमनी पडद्यावर जे केलं ते मामांच्या लेखी अतिक्रमण, आणि त्याचा पंचनामा करायला ते पेन.

दिवे मालवण्याआधी त्यांनी माझ्या हातात लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेली चोळांची वंशावळ ठेवली आणि मोबाइलच्या उजेडात समजावायला घेतली. “तंबी, नीट बघ. थोरला राजादित्य लढाईत गेला. मग गंडरादित्य. तो वारला तेव्हा त्याचा मुलगा तान्हा, म्हणून गादी धाकट्या भावाच्या घरात गेली. तिथे आता सुंदर चोळ बसलाय. तो आजारी. त्याला दोन मुलगे, आदित्य करिकालन आणि अरुण्मोळी. आणि इकडे तो तान्हा मोठा होऊन म्हणतोय, माझी गादी परत द्या.”

“कळलं, मामा,” मी म्हणालो. शनिवारवाडा पाहिलेल्या माणसाला भाऊबंदकी दोनदा सांगावी लागत नाही.

कमल हासनच्या आवाजातलं निवेदन संपलं, लढाई सुरू झाली आणि मामांनी पहिली नोंद केली. “चूक! पुस्तक लढाईनं सुरू होत नाही. वीरनारायण तलावाच्या काठी सुरू होतं. आडी महिन्याचा अठरावा दिवस. चौऱ्याहत्तर मोऱ्यांतून पाणी धो धो वाहतंय. चौऱ्याहत्तर! यांनी एक तरी दाखवली का?” मग मला या प्रश्नाचं गांभीर्य पोचलेलं नाही असं वाटून त्यांनी पुस्ती जोडली, “तुझ्या नळाला त्याच तलावाचं पाणी येतं.” हे मात्र खरं आहे. वीरनारायण म्हणजे आजचा वीराणम, आणि चेन्नईला तिथून पाणी येतं.

पडद्यावर तोवर आदित्य करिकालन राष्ट्रकूटांना कापत सुटला होता. मामा माझ्याकडे वळले. “हे तुमचे लोक.”

महाराष्ट्राचा म्हणून पहाटे पाच वाजता माझी एवढी धुलाई आजवर झालेली नव्हती. मी घाईनं म्हणालो, “मामा, राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. ते आता कर्नाटकात येतं.”

“आणि वेरूळचं कैलास कुणी खोदलं?”

“ते राष्ट्रकूटांनीच. ते आमचं.”

मामांनी हा न्याय मान्य केला नाही. ९४९ साली तक्कोलमच्या लढाईत तुमच्या तिसऱ्या कृष्णाच्या सैन्यानं आमच्या राजादित्याला हत्तीवर असताना मारलं, त्याचा हिशेब आज चुकता होतोय, तू गप बघ, असं त्यांनी मला बजावलं. मी गप बघत राहिलो. ते गप राहिले नाहीत.

करिकालन झालेल्या विक्रमच्या प्रत्येक दर्शनाला पोरांनी कागदाचे तुकडे उधळले, ते मामांच्या विभूतीवर येऊन बसले. कार्तीचा वंदियत्तेवन त्यांना जरा जास्तच हसरा वाटला. त्रिशाला काठावर पास केलं. आळ्वारकडियान नंबी झालेला जयराम आला तेव्हा मात्र त्यांनी एक टाळी वाजवली. एकच. पण ती ऑस्करपेक्षा मोठी होती हे जयरामला कुणीतरी कळवायला हवं. नंदिनी झालेली ऐश्वर्या राय पालखीचा पडदा सारून डोकावली आणि मामा बराच वेळ चुका काढायचे विसरले. पेन नुसतं हातात राहिलं.

मध्यंतरात खरा सिनेमा झाला. मामा करिकालनच्या खुनाबद्दल मला सांगत होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून दुसरे मामा उठले. तीच वेष्टी, तीच विभूती, पेनही तेच. त्यांचं म्हणणं, इतिहासकार नीलकंठ शास्त्रींनी त्या तान्ह्यावर, म्हणजे पुढे गादीवर आलेल्या उत्तम चोळावर, संशय घेतलाय तो बरोबर आहे. आमचे मामा भडकले. उडैयारगुडीच्या शिलालेखात रविदासन, सोमन, परमेश्वरन ही मारेकऱ्यांची नावं कोरलेली आहेत, राजराजाच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या जमिनी जप्त झाल्या, अजून काय पुरावा पाहिजे? दुसरे मामा म्हणाले, मधल्या काळात गादीवर उत्तम चोळ होता, त्यानं का नाही पकडले? दोघांच्या कॉफीवर साय धरली. शेवटी कपाळाला पट्टी बांधलेला एक पोरगा हात जोडून आला. “अंकल, प्लीज, खून दुसऱ्या भागात आहे. स्पॉइलर देऊ नका.”

“अरे, हजार वर्षं होऊन गेली!” दोन्ही मामा एका सुरात म्हणाले. तेवढ्यापुरतं त्यांचं जमलं.

ही जात तमिळ मुलखापुरतीच आहे असं कुणी समजू नये. ‘श्रीमान योगी’ची पारायणं केलेले काका आपल्या ऐतिहासिक सिनेमांना येतातच, आणि जिरेटोप अर्धा इंच तिरका दिसला की पुढच्या रांगेला ऐकू जाईल असा निःश्वास सोडतात. पण काका मावळ्यांच्या घोषणेत स्वतःही घोषणा देतात. मामा घोषणेचं व्याकरण तपासतात.

बाहेर पडताना ते प्रसन्न होते. याच अरुण्मोळीनं पुढे राजराजा होऊन तंजावरचं मोठं देऊळ बांधलं, १०१० साली पुरं केलं, हे सांगताना ते जरा ताठ झाले. मग मला म्हणाले, “आणि १८०३ मध्ये तुमच्या सरफोजीनं तिथे अख्खा भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून ठेवला. भिंत दिसली की तुम्ही लोक लिहिताच का रे?” मला आपल्या गडांवरचे बाण खुपसलेले बदाम आठवले. मी रिक्षा थांबवली.

दुसरा भाग २८ एप्रिल २०२३ ला आला. आता पहाटेचे खेळ बंद झालेले, पहिला खेळ नऊचा. मामांना हा निव्वळ आळशीपणा वाटला. या खेपेला आमच्या दोघांच्या मध्ये त्यांची कॉलेजात जाणारी नात होती. कल्कींच्या पुस्तकांचे हक्क सरकारनं केव्हाच मोकळे केलेत, त्यामुळे कुणीही प्रकाशक ती छापतो आणि कादंबरी स्वस्तात मिळते. पोरीनं दोन सिनेमांच्या मधल्या सात महिन्यांत पाचही भाग फस्त केले होते, तेही ताजे ताजे.

“तात्ता, हे पुस्तकात असं नाही.”

“हं.”

“तात्ता, मणिमेखलै कुठाय? आख्खी कापली?”

“हं.”

“तात्ता, सेंदन अमुदनचं रहस्य पण उडवलं! तुम्ही लिहून घेताय ना? पेन द्या इकडे.”

पडद्यावर ऐश्वर्या राय होती. मामांनी पेन काढून तिच्या हातात दिलं, नजर न हलवता. “हे घे. आणि आता जरा पिक्चर बघू दे.”