जावयाची नजर आणि चितळाचं शिंग

चितळाच्या शिंगाची लांबी दुरून ठरवायची तर आधी शिंगाकडे पाहायचंच नाही, जनावराकडे पाहायचं. नुसत्या शिंगावरून माप निघत नाही. खांदा, कान, तोंड यांच्याशी ताडूनच ते कळतं. नर शंभर पावलांवर, अर्धा झुडपात आणि निघण्याच्या बेतात, अशा वेळी अंदाज चुकतो आणि तो जवळपास नेहमी मोठ्याच बाजूला चुकतो. पाहणारा पाहुणा असेल तर जरा जास्तच.

गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसीत या विषयाचा खल दोन प्रकारच्या माणसांत होऊ शकतो. एक सासरा, वनरक्षक म्हणून निवृत्त झालेला. दुसरा जावई, टेक्सासहून सुट्टीवर आलेला. जागा अंगणातली बाज. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या इथल्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची विमानं डोक्यावर घिरट्या घालतात, तेवढ्यापुरता संवाद थांबतो.

जावई : मामाजी, आमच्याकडे पांढऱ्या शेपटीचं हरीण असतं. त्याच्या शिंगांना गुण देतात. दोन शिंगांमधली रुंदी, मुख्य दांडा, एकेक फाटा, चार ठिकाणचा घेर, सगळ्या इंचांची बेरीज. बून अँड क्रॉकेट क्लबची ही पद्धत १९५० पासूनची आहे. १७० गुण झाले की नाव कायमचं वहीत.

सासरा : हरणाचं?

जावई : मारणाऱ्याचं.

सासरा : बरं. अन् मारायच्या आधी त्याले टेप कसा लावता जी?

जावई : तेच तर कसब! कान टवकारलेले असले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण १६ इंच. डोळ्यापासून नाकापर्यंत ८. शिंग कानांच्या बाहेर किती गेलं ते बघायचं, मग फाटे मोजायचे. चितळाला किती फाटे?

सासरा : तीन.

जावई : मोठा नर असला तर?

सासरा : तीन.

जावई : अगदी दांडगा, कळपाचा राजा?

सासरा : तीनच जी. सांबराले पण तीन.

सासऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. चितळाच्या शिंगाचा एक फाटा कपाळापाशी पुढे निघतो, दांडा मागे झुकून वर जातो आणि शेंड्याला दोन फाटे फुटतात. त्यांतला बाहेरचा लांब असतो. सांबराचा दांडा जाड आणि खडबडीत, पण मांडणी तीच. कधीमधी एखादा जास्तीचा कोंब निघतो, तो अपवाद. तेव्हा पांढऱ्या शेपटीच्या हरणासारखी फाट्यांची मोजणी इथे कामाची नाही. कामाची ती लांबी, बुडाच्या कंगोऱ्यापासून सर्वांत लांब टोकापर्यंत, बाहेरच्या वळणाने टेप फिरवून घेतलेली. टेप सरळ धरला तर इंच कमी भरतात, म्हणून नोंदवहीची हौस असलेला माणूस वळण सोडत नाही.

जावई : तसं चितळ आमच्याकडेही आहे. ॲक्सिस म्हणतात. १९३२ साली टेक्सासात आणलं. मूळ तुमच्याच मुलखातलं.

सासरा : म्हणजे तेही जावईच झालं. लाड होत असतील.

जावई : बारा महिने शिकार खुली आहे.

सासरा : (बाजेवर सरकून बसत) चहा घ्या.

जावई : ३० इंचांच्या पुढे गेलं की चांगला नर मानतात.

हा आकडा इथल्या नागझिरा अभयारण्यातही ताडून पाहता येतो. भरलेला नर खांद्याशी सुमारे ९० सेंटिमीटर असतो. ३० इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर. बाजूने उभा असताना खांद्यापासून खुरापर्यंतची उंची मनाशी धरायची आणि शिंग तिच्यात किती बसतं ते पाहायचं. सहा भागांतले पाच भरले तर तीस इंच. खांद्याइतकंच दिसलं तर आधी डोळे चोळावेत. मीटरभर शिंग क्वचितच होतं. जमिनीवर गवत असलं की खूर दिसत नाहीत, खांदा ठेंगणा वाटतो आणि शिंग फुकटात वाढतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटातून आत गेलेल्या जिप्सीत :

जावई : तो बघा! ३८ इंच! लिहून घ्या.

सासरा : पाठमोरा आहे. मागून पाहिलं तर सारेच मोठे दिसतात. वळू द्या.

जावई : वळला. समोरून... २६?

सासरा : आता दांडा मागं गेला, लांबी लपली. अजून वळू द्या.

जावई : बाजूने ३२. मामाजी, एकाच जनावराचे तीन आकडे आले.

सासरा : जनावर एकच आहे बाप्पा, बाजू तीन आहेत. बाजूचा आकडा धरा, त्यातून दोन काढा.

जावई : दोन कायले?

सासरा : तुमी पाहुणे म्हणून.

जावई : आणि मामाजी, डावीकडे तीन नाहीत, पाच फाटे आहेत! स्पष्ट दिसतात!

सासरा : एक वेल आहे. दुसरं गवत.

माजावर आलेला नर झुडपांशी आणि गवताशी शिंगं घासतो, मागच्या पायांवर उभा राहून फांद्याही ढोसतो. वेली अडकतात आणि तो त्या तशाच मिरवतो. पहाटेच्या धुरकट उजेडात हा साज फाट्यांत मोजला जातो.

दुसरा घोळ मखमलीचा. शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात; वाढत असताना त्यांच्यावर रक्तवाहिन्यांची लवदार कातडी असते. तेव्हा दांडा जाड आणि टोकं बोथट दिसतात. चितळाच्या नरांचं वेळापत्रकही एक नसतं : एकाच कळपात एकाची शिंगं टणक, दुसऱ्याची मखमलीत, तिसरा बोडका. मध्य भारतात टणक शिंगांचे नर उन्हाळ्यात जास्त दिसतात. वयाचा अंदाज मात्र नुसत्या शिंगावरून बांधू नये. पहिली शिंगं साधी, खिळ्यासारखी. पुढे ती वाढतात, म्हातारपणी पुन्हा उतरू शकतात. मान किती भरली आहे आणि चेहरा किती काळवंडला आहे, हे सोबत पाहावं लागतं.

जावई : मामाजी, ते बघा, पडलेलं शिंग! उचलून टेपने मोजू. टेक्सासला भिंतीवर लावतो.

सासरा : बसा खाली. अभयारण्यातलं पडकं शिंग नेणं गुन्हा आहे. वन्यजीव कायद्यानं शिकार गेली, अन् शिंगाची भिंतही गेली.

जावई : मग एवढं ताडायचं कशाला?

सासरा : गणतीले. कळपात नर किती, माद्या किती, पिलं किती. नरांत टणक किती, मखमलीतले किती. इंच कोणी विचारत नाही.

जावई : इंचांचा रकानाच नाही?

सासरा : नाही जी.

जावई : मग माझा ३२ वाला कुठे गेला?

सासरा : (वही दाखवत) हा. ‘मोठा नर, टणक शिंग, १.’

जावई : आणि वेल?

सासरा : ‘शेरा’मध्ये टाकतो. तुमी म्हणता म्हणून.