सागवानाचा फोटो

पनवेलच्या नव्या टॉवरांत हल्ली लादीवर लाकूड अंथरतात. म्हणजे लाकडाचा फोटो. खाली पीव्हीसी, वर छापील सागवान आणि त्यावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पारदर्शक थर. शेजारी कर्नाळ्याच्या जंगलातला खरा साग चार महिने धो धो पावसात उभा असतो, त्याची चौकशी कुणी करत नाही. या फोटोला मात्र जावयासारखं जपायचं. चहूकडच्या बांधकामांची रेती घरात येते. ती आधी मऊ झाडूने काढायची, नाहीतर चरे पडतात. फडका घट्ट पिळायचा, नाहीतर पाणी सांध्यांत शिरतं. अ‍ॅसिड नको, वाफेचा मॉप नको. दारातलं रबरी बुडाचं पायपुसणंही नको, कारण त्याचा पिवळा डाग पडला की कितीही घासा, जात नाही.

ही सारी पथ्यं कामाला येणाऱ्या मावशींना समजावून झाली. त्यांनी फिनेलच्या बाटलीचं झाकण पुन्हा लावलं.

"पाणी नको, फिनेल नको, घासायचं नाही. ताई, मग मला बोलावलंत कशाला?"