आजीचा एक डॉलर

अखेर अमेरिकेत समाजवाद आला. तो मोर्च्यांतून येईल, विद्यापीठांतून येईल, गेला बाजार न्यूयॉर्कच्या महापालिकेतून तरी येईल, अशी तिथल्या भल्याभल्यांना धास्ती होती. प्रत्यक्षात तो आला लास वेगासहून. अंगात शर्ट नाही, कमरेला आखूड चड्डी आणि नाकातून रक्ताची धार.

झालं असं, की २०२५ च्या ७ ऑगस्टला डेव्हिड एलिसन यांच्या स्कायडान्सनं पॅरामाउंट ही जुनी चित्रपट-टीव्ही कंपनी ताब्यात घेतली आणि ११ ऑगस्टला बातमी आली, की पॅरामाउंटनं यूएफसीच्या मारामाऱ्यांचे अमेरिकेतले प्रसारण हक्क सात वर्षांसाठी घेतले. किंमत ७.७ अब्ज डॉलर. माप ओलांडून आत आलेल्या सुनेनं चौथ्या दिवशी ट्रॅक्टर बुक करावा, तसा हा उरक.

यूएफसी म्हणजे अष्टकोनी पिंजऱ्यात दोघांना सोडायचं आणि दार लावून घ्यायचं. ठोसे, लाथा, कोपर, गुडघे, गळा आवळणं, सगळं नियमात बसतं. १९९३ साली डेन्व्हरमध्ये पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा वजनगटही नव्हते. आर्ट जिमरसन नावाचा मुष्टियोद्धा त्या रात्री एकाच हातात ग्लव्ह घालून उतरला. दुसऱ्या हाताचं त्यानं काय ठरवलं होतं कोण जाणे! रॉइस ग्रेसी या सडपातळ ब्राझिलियन गड्यानं त्याला खाली घेतलं आणि आर्टरावांनी फारशी मारामारी न होताच जमिनीवर थाप मारून हार कबूल केली. घरबसल्या हे बघायचा दर होता सुमारे १५ डॉलर. पुढे जॉन मकेन या सिनेटरनं या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटलं, गव्हर्नरांना पत्रं लिहिली, केबलवाल्यांनीही हात झटकले. मग नियम आले, वजनगट आले, अब्रू आली. अब्रूबरोबर भावही आला. २०२४ पर्यंत एका मोठ्या रात्रीचा घरबसल्या दर ७९.९९ डॉलरवर पोचला होता. (तो एक सेंट का सोडतात हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.)

बरं, हे ८० डॉलर द्यायचा मानही सर्वांना नव्हता. २०१९ पासून त्यासाठी आधी ईएसपीएन प्लस या ऑनलाइन सेवेचं वर्गणीदार असावं लागे. ती वर्गणी २०१८ साली महिना ४.९९ होती, २०२४ मध्ये ११.९९ झाली. देवस्थानच्या वाहनतळाचे पैसे भरले म्हणून दर्शनाचा पास फुकट मिळत नाही, हे आपल्याला सांगायला नको. वर्षाच्या डझनभर मोठ्या लढती नेमानं बघणारा भक्त हजार डॉलरला सहज बुडत होता. पण हौसेला मोल नाही. मुख्य म्हणजे हौस ज्याची त्याची होती आणि बिलही ज्याचं त्याचं.

इथेच क्रांती झाली. पॅरामाउंटनं जाहीर केलं, की आता रात्रीमागे वेगळे पैसे नाहीत. वर्षाला १३ मोठे कार्यक्रम आणि ३० धाकटे, सगळे आपल्या ऑनलाइन सेवेच्या साध्या मासिक वर्गणीत. चाहत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. २०२६ च्या २४ जानेवारीला लास वेगासमध्ये पहिला नारळ फुटायचा होता. त्याआधी बरोबर नऊ दिवस, १५ जानेवारीपासून, स्वस्तातली वर्गणी ७.९९ वरून ८.९९ झाली आणि महागातली १२.९९ वरून १३.९९. एकच डॉलर हो!

आता न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक घर डोळ्यांसमोर आणा. घर काल्पनिक आहे, पण तुम्ही ओळखाल. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आजी, बाहेर गुडघाभर बर्फ, मांडीवर अडीच वर्षांचा नातू आणि हातात वरणभाताची वाटी. नातू पडद्यावर पॅरामाउंटच्या पॉ पट्रोल या कार्टूनमधले कुत्रे दिसल्याशिवाय तोंड उघडत नाही. पोलिसाची टोपी घातलेला कुत्रा आला, की एक घास. अग्निशामक दलातला आला, की दुसरा. आजीचं इंग्रजी बेताचं, पण कुठला कुत्रा कुठल्या खात्यात नोकरीला आहे हे तिला पाठ झालंय. या घरात यूएफसी ही तीन अक्षरं कुणी उच्चारलेली नाहीत. मात्र दर महिन्याला त्या कुत्र्यांच्या पाठोपाठ एक डॉलर जास्तीचा जातो आणि थेट पिंजऱ्यात पडतो.

म्हणजे ज्याचे वर्षाला हजार जात, त्याचं आता १०८ डॉलरमध्ये भागतं आणि जिचा संबंध नाही ती आजी वर्षाला बारा डॉलर जास्त भरते. सर्वांनी थोडं थोडं घालायचं आणि ज्याला लागेल त्यानं घ्यायचं. हेच तत्त्व दवाखान्यांना लावू या म्हटलं, तर हा देश गेली कित्येक दशकं हमरीतुमरीवर येतो. मोडलेलं नाक सांधायला शेजाऱ्यानं पैसे द्यावेत, हे अमेरिकेला पटत नाही. नाक मोडताना बघायला मात्र द्यावेत!

आपल्याला हे नवं नाही. गणपतीची वर्गणी आपण देतो आणि मांडवातला ऑर्केस्ट्रा ऐकायला जातोच असं नाही. पण तिथे पावती फाडणारा पोरगा दारात उभा असतो, त्याच्याशी हुज्जत घालता येते, पाचशेचे तीनशे करता येतात. शिवाय प्रसाद घरी येतो. इथे येतो तो ईमेल.

नेटफ्लिक्सची गोष्ट याहून सरळ. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी ५८ वर्षांच्या माइक टायसनला २७ वर्षांच्या यूट्यूबवाल्या जेक पॉलसमोर उभं केलं. सहा कोटी घरांनी बघितलं, असं कंपनीनं सांगितलं. त्यांतल्या बऱ्याच घरांनी पडद्यावर गरगरणारं चक्रच बघितलं आणि टायसनपेक्षा ते जास्त चपळ होतं. पुढच्या जानेवारीत डब्ल्यूडब्ल्यूईचा ‘रॉ’ हा कुस्त्यांचा कार्यक्रम आला, दहा वर्षांचे पाच अब्ज डॉलर मोजून. त्याच महिन्यात अमेरिकेतली मधली वर्गणी १५.४९ वरून १७.९९ झाली. डब्ल्यूडब्ल्यूईत निकाल आधी ठरलेला असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दरवाढीचं त्याहून वेगळं काय असतं?

एवढा पैसा मग मार खाणाऱ्याला तरी मिळत असेल, असं आपल्या भाबड्या मनाला वाटतं. यूएफसीच्या माजी लढवय्यांनी २०१४ मध्ये कंपनीवर दावा लावला. त्या खटल्यातून बाहेर आलं, की कमाईचा जेमतेम पाचवा हिस्सा लढणाऱ्यांच्या वाट्याला येतो. अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांना साधारण निम्मा मिळतो. शेवटी ३७.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायालयानं ती मान्य केली. त्यातही मोठ्या मल्लांना रात्रीच्या विक्रीवर जो टक्का मिळे, त्या विक्रीचीच पद्धत आता बंद झाली. गावच्या जत्रेत रेवडीवर कुस्ती खेळणाऱ्या पोराला निदान रेवडी मोजून घेता येते.

आपणही फार लांब नाही. १ एप्रिल २०२५ पासून भारतातही डब्ल्यूडब्ल्यूई सोनीवरून उठून नेटफ्लिक्सवर गेलं. शाळेच्या बाकाखाली अंडरटेकरची कार्डं खेळलेली पिढी आता चाळिशीत आहे, ईएमआय भरते आहे, आणि तिच्याकडून अजून एक हप्ता निघेल हे कुणीतरी बरोबर हेरलं आहे.

तर वाचकहो, तुमची आई, मावशी, सासू यंदा नातवंडं सांभाळायला तिकडे निघाली असेल, तर मेतकुटाच्या पुड्या भरताना एवढं तिच्या कानावर घाला: शनिवारी रात्री पोरगं झोपलं, की ते कुत्रे बंद कर आणि पिंजरा लाव. बारा डॉलर भरलेत, वसूल करून ये.