रोज १७१ घरं

दहा लाख परवडणारी घरं आणि ८० लाख रोजगार. मुंबईच्या २०३४पर्यंतच्या विकास आराखड्याला राज्य सरकारने २०१८मध्ये मंजुरी दिली, तेव्हा हे दोन आकडे ठळक टायपात छापून आले. आराखड्याची नियमावली १ सप्टेंबर २०१८ला लागू झाली. तिथून २०३४पर्यंत सोळा वर्षं. आता शाळेतला भागाकार करा. दहा लाख भागिले सोळा म्हणजे वर्षाला ६२,५०० घरं. त्याला ३६५ने भागा. रोज १७१ घरं. रविवारीसुद्धा, दिवाळीतसुद्धा, जुलैच्या पावसातसुद्धा.

आता म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, मुंबईतल्या सोडती घ्या. २०२३मध्ये ४,०८२ घरं, २०२४मध्ये २,०३०. रोज १७१च्या हिशेबाने पहिली सोडत चोवीस दिवसांची, दुसरी बारा दिवसांची. दोन्ही वेळा अर्जदार लाखाच्या वर. म्हाडा हा एकच रस्ता नाही, खासगी बिल्डरची घरं आणि झोपडपट्टी पुनर्वसनाची घरंही धरली पाहिजेत, हे मान्य. मग सगळी धरा आणि बेरीज दाखवा. दर वर्षी ती बेरीज लोकांपुढे ठेवायची रीतच आपल्याकडे नाही. लक्ष्य जाहीर करायला पत्रकार परिषद होते. किती गाठलं ते सांगायला कुणी पुढे येत नाही.

•

लोक बोलत नाहीत, असं कुणी म्हणू नये.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६चा. त्यानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मुंबईकरांनी हा हक्क कसोशीने बजावला. फेब्रुवारी २०१५च्या प्रारूपात स्टेशनांच्या आसपास आठपर्यंत एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, होता, आरेची जमीन बांधकामाला खुली करण्याचा प्रस्ताव होता आणि नकाशांत ढीगभर चुका होत्या. पन्नास हजारांहून जास्त हरकती आल्या. एप्रिल २०१५मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा सुधारून आणायला सांगितलं. मे २०१६मध्ये सुधारित प्रारूप आलं, त्यावर पुन्हा ८४ हजारांच्या घरात हरकती-सूचना. नोकरी-धंदा सांभाळून, इंग्रजी नियमांशी झटापट करून लिहिलेले हे कागद आहेत. या शहराला उदासीन म्हणणाऱ्याने हे गठ्ठे आधी उचलून पाहावेत.

अडचण दुसरीच आहे. सुनावणीची सगळी घडण भूखंडाभोवतीची. तुमच्या भूखंडाचा सीटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, सांगा, त्यावरचं आरक्षण सांगा, रस्त्याची रुंदी सांगा. मैदानावरून हरकत घेता येते, शाळेवरून घेता येते. पण दहा लाख घरांचा आकडा कुठल्या सीटीएस नंबरवर उभा आहे? त्याच्यावर हरकत घ्यायला कुठल्या टेबलाशी जायचं? आराखड्यातलं सर्वांत मोठं वचन सुनावणीला उभंच राहिलं नाही.

•

परवडणारं म्हणजे कुणाला परवडणारं, हा पहिला प्रश्न.

मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब म्हाडाच्या नियमाने अत्यल्प गटात येतं. म्हणजे महिना पन्नास हजार. पगाराचा तिसरा हिस्सा घराच्या हप्त्याला गेला, तर साधारण साडेसोळा हजार. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी या हप्त्यात कर्ज बसतं एकोणीस लाखांचं. या गटाचं घर तीस चौरस मीटरपर्यंतचं, म्हणजे ३२३ चौरस फूट कार्पेट. भागाकार पुन्हा करा. चौरस फुटाला सहा हजारांच्या आत. कुलाब्यापासून दहिसरपर्यंत आणि मुलुंडपर्यंत फिरून या. या भावात बाजारात नवं घर देणारा वॉर्ड दाखवा.

घर लहान आहे म्हणून ते स्वस्त ठरत नाही. चौरस मीटर हे क्षेत्रफळाचं माप आहे, ऐपतीचं नाही. २०२३च्या सोडतीत ताडदेवमधल्या घराची किंमत साडेसात कोटींच्या वर होती. तेही म्हाडाचंच घर. ‘परवडणारं’ या शब्दापुढे रुपयांत आकडा लिहिला नाही, तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. आणि भाड्याच्या घरांचं काय? या शहरातला कामगार आधी चाळीत भाड्याने राहिला, म्हणून टिकला. अकरा महिन्यांचा करार आणि वाढत्या डिपॉझिटवर जगणाऱ्यांसाठी दहा लाखांतली किती घरं भाड्याची, हे विचारायलाच हवं.

•

२०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत. त्याच जनगणनेत शहरात पावणेपाच लाखांच्या आसपास घरं रिकामी.

झोपडपट्टीचा आणि रिकाम्या घरांचा आकडा शेजारी ठेवला की घरांचा प्रश्न फक्त बांधकामाचा नाही, हे कळतं. एफएसआय वाढवला की मजले वाढतात. ते मजले कुणासाठी, हे एफएसआय सांगत नाही. मुंबईत जमीन थोडी आहे, उंच बांधावं लागेल, हे नियोजनकारांचं म्हणणं बरोबर आहे. पण वाढीव चटई क्षेत्र ही शहराने दिलेली संपत्ती आहे. ती देताना बदल्यात किती घरं, कुठे, कोणत्या किमतीला आणि कधीपर्यंत, हे लिहून घेतलं पाहिजे. मिठागरांच्या आणि ना-विकास क्षेत्राच्या जमिनीवर घरांचं कारण सांगून हात घातला जातो. तिथे तर हे चार प्रश्न आधी आणि जमीन नंतर.

१९९५मध्ये चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरं देण्याचं वचन होतं. म्हणजे आठ लाख घरं. पंचवीस वर्षांहून जास्त काळात झाली अडीच लाखांच्या आसपास. त्या वचनाची चौकशी न करता आपण दहा लाखांच्या वचनाला टाळ्या दिल्या.

•

वचन निसटतं कुठून, हे गिरणगावाने पाहिलं आहे.

पन्नासहून जास्त गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ सरळ होता: गिरणीची जमीन पुनर्विकासाला काढली की एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांना, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१मध्ये त्यात फेरबदल झाला. वाटणी आता पूर्ण जमिनीची नव्हती, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन किती असणार? शेड, गोदामं, चिमण्या यांनीच आवार भरलेलं. शहराचा आणि म्हाडाचा वाटा आक्रसून गेला. २००५मध्ये उच्च न्यायालयाने हे अडवलं. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरबदल कायम ठेवला.

म्हाडाने २०१२मध्ये गिरणी कामगारांसाठी सोडत काढली. घरं सात हजारांच्या आत, अर्ज सुमारे दीड लाख. लालबाग-परळमध्ये ज्यांची हयात गेली, त्यांना आता शहराबाहेरच्या शेलू आणि वांगणीची वाट दाखवली जाते.

मूळ नियमावली आली तेव्हा हरकती-सुनावणी सगळं रीतसर झालं होतं. घात झाला तो दहा वर्षांनी, फेरबदलाच्या एका नोटिशीने. कायद्याच्या कलम ३७मध्ये आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतात. राजपत्रात नोटीस येते, महिनाभराची मुदत असते. हजारोंनी हरकती येतात त्या वीस वर्षांतून एकदा. फेरबदलाच्या नोटिसा येतात वर्षभर. आपण आराखड्याच्या दिवशी जागे असतो आणि नोटिशीच्या दिवशी झोपलेले. त्यात मार्च २०२२मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात आपल्या वॉर्डातला फेरबदल कुणाला विचारायचा, तर त्यासाठी नगरसेवकच नव्हता.

•

हा ठपका आपल्यावरही येतो.

हरकतींच्या गठ्ठ्यांत एक वाक्य पुन:पुन्हा येतं: आमच्या जागेवरचं आरक्षण उठवा. दुसरं येतं दबक्या आवाजात: बेघरांचा निवारा आमच्या सोसायटीशेजारी नको, पुनर्वसनाची इमारत आमच्या गल्लीत नको. घर सगळ्यांना मिळावं, पण ते दुसऱ्या वॉर्डात. असा अर्ज करणाऱ्याने ‘शहर हाताबाहेर गेलं’ म्हणून हळहळू नये. मोलकरीण, वॉचमन, भाजीवाला, नर्स यांना राहायला जागा न देता त्यांची सेवा मात्र दारात हवी, ही मागणी अन्यायाची आहे.

आणि उलट उदाहरणही आहे. कोळीवाड्यांनी आणि गावठाणांनी एकजुटीने सांगितलं की आमची वस्ती झोपडपट्टी नव्हे. जाळी विणायची आणि मासळी सुकवायची जागा ही रिकामी जमीन नव्हे. महिला संघटनांनी आणि वस्त्यांत काम करणाऱ्यांनी चिकाटी धरली, म्हणून बेघर निवारे, नोकरदार महिलांसाठी निवास, आधार केंद्रं अशी आरक्षणं २०३४च्या आराखड्यात आली. ही माणसं स्वत:च्या भूखंडासाठी भांडली नाहीत. शहरात कुणाला जागा असावी, यासाठी भांडली. म्हणून आराखड्याला त्यांचं ऐकावं लागलं.

•

ही गत फक्त मुंबईची नाही. पुण्याकडे पाहा. जुन्या हद्दीच्या २००७-२०२७च्या आराखड्याचं प्रारूप २०१३मध्ये आलं. म्हणजे वीस वर्षांतली सहा आधीच सरली होती. हरकती ८७ हजारांच्या आसपास. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप आराखडा २०२१मध्ये प्रसिद्ध झाला, साठ हजारांहून जास्त हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. ज्यांनी हेलपाटे घातले, त्यांचे दिवस वाया गेले. चार वर्षांत बांधकामं मात्र थांबली नाहीत. आराखड्याला उशीर झाला की जमीन वाट पाहत नाही. ती विकली जाते, तुकडे पडतात, प्लॉटिंग होतं. मग तिथे स्वस्त घरांचं आरक्षण टाकायला जागाच उरत नाही.

•

मागणी चार ओळींची आहे.

एक, घरांचं लक्ष्य वॉर्डनिहाय लिहा. कुर्ल्यात किती, मालाडमध्ये किती, वरळीत किती.

दोन, प्रत्येक उत्पन्न गटापुढे घराची कमाल किंमत किंवा कमाल भाडं रुपयांत लिहा.

तीन, दर वर्षी ठरलेल्या तारखेला हिशेब मांडा. किती घरांना भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आणि त्यात कोणत्या गटाची माणसं राहायला आली. मंजूर नकाशे मोजू नका, चाव्या मोजा.

चार, कलम ३७च्या प्रत्येक नोटिशीत मराठीत एक ओळ सक्तीची करा: या फेरबदलाने परवडणारी किती घरं वाढतील किंवा कमी होतील. आणि हरकत घेणाऱ्याला कारणासकट लेखी उत्तर द्या.

यातल्या एकाही गोष्टीला जमीन लागत नाही. पैसाही फार लागत नाही. हिशेब द्यायची तयारी लागते.

२०१८ ते २०३४ या वाटेचा मध्य २०२६ हे वर्ष आहे. निम्म्या वाटेवर पाच लाख घरं उभी असायला हवीत. तुमच्या वॉर्ड ऑफिसात जा, नगरसेवकाच्या कार्यालयात जा आणि एका कागदावर एकच प्रश्न लिहून द्या: आमच्या वॉर्डातली किती झाली? पोच घ्या, तारीख-शिक्का बघून घ्या. महिन्याने पुन्हा जा. एकटे जाऊ नका, चाळीतली, सोसायटीतली, वस्तीतली चार माणसं बरोबर घ्या.